आगेऱ्याचे कणीस



भाद्रपद सरला, उत्तर कोकणातले हळवे भात पिवळे पडू लागले, की मला एका चर्चच्या दारात बांधलेली भाताची पेंढी आठवते. हिरवीगार पेंढी. दाण्यात अजून दूध. सणाच्या दिवशी ती पिवळी व्हायला हवी होती, ती हिरवी राहिली, आणि याला जबाबदार होतो मी स्वतः. कृषी खात्यातल्या माणसाने आपली चूक छापून आणू नये असे म्हणतात. पण ज्या चुकीतून माझ्यासकट सगळे गाव काहीतरी शिकले, ती लपवून तरी काय करायचे? म्हणून आज तीच गोष्ट सांगणार आहे.

मी मूळचा देशावरचा, जोंधळ्याच्या मुलखातला. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझी बदली वसई भागात झाली. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, फुलांचे वाफे, विहिरी आणि पावसाळ्यात भाताची खाचरे, असा तो हिरवा पट्टा. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली आगाशीची सुकेळी मी तिथेच पहिल्यांदा खाल्ली. या पट्ट्यातले कितीतरी शेतकरी कॅथलिक ख्रिस्ती आहेत. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली. राज्ये आली आणि गेली. माणसे मात्र आपापल्या वाडीत, आपल्याच शेतावर राहिली. बोली मराठीच्याच कुळातली राहिली. म्हाताऱ्या बायकांचे लाल लुगडे राहिले, आणि पावसाची वाट पाहणेही तुमच्या-आमच्यासारखेच राहिले.

तिथे एका चर्चच्या आधाराने राहणाऱ्या वाड्यांचा मिळून जो समाज होतो, त्याला धर्मग्राम म्हणतात. मला सुरुवातीला वाटे, चर्च म्हणजे रविवारी प्रार्थनेला जमायची जागा, एवढेच. मग हळूहळू कळले, की बी-बियाणाची सूचना द्यायची तर ती रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात द्यावी. गाव तिथेच भेटते. लग्न तिथे ठरते, भांडण तिथे मिटते, आणि कुणाची विहीर खारट झाली हेही तिथेच कळते.

या लोकांचे सात संस्कार आहेत. मूल जन्मले की पाण्याने बाप्तिस्मा. जाणते झाले की तेल लावून दृढीकरण. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेतली भाकर आणि द्राक्षारस. चुकांची कबुली देऊन क्षमा मागण्याचा एक संस्कार. मग विवाह. जो धर्मगुरू होणार त्याची गुरुदीक्षा. आणि आजारी माणसाला तेल लावून धीर देण्याचा संस्कार. मी शेतकीचा पदवीधर, धर्मशास्त्र मला कळत नाही. पण या संस्कारांना लागणाऱ्या वस्तू मी एकदा बोटांवर मोजल्या आणि चकित झालो. पाणी, गहू, द्राक्षे आणि तेल! सारे विहिरीतले आणि शेतातले. प्रसादाची भाकर फक्त गव्हाचे पीठ आणि पाणी यांची, आंबवण न घालता केलेली. द्राक्षारस द्राक्षांचाच लागतो, दुसऱ्या फळाचा चालत नाही. आजाऱ्याला लावायचे तेल पूर्वी ऑलिव्हचेच असे. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी नियम केला, की जिथे ते मिळत नाही तिथे दुसरे वनस्पतीचे तेलही चालेल. म्हणजे ज्या मुलखात जे पिकते त्याला देवघरात जागा मिळाली. आणखी एक पाहा. गहू तसाच नेऊन ठेवत नाहीत, तो दळून भाजून नेतात. द्राक्षे तशीच नेत नाहीत, त्यांचा रस करून मुरवतात. मातीने दिलेले आणि माणसाच्या हाताने घडवलेले, असे दोन्ही मिळून ते दान होते. आपल्या कष्टाला याहून मोठा मान कोणता द्यायचा?

बाप्तिस्म्याची एक गोष्ट मला फार आवडली. त्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता नेमून देतात. उद्या काही बरे-वाईट झाले तर या मुलाकडे पाहणारे आणखी कुणीतरी आहे, ही ती व्यवस्था. मुलाचा बाप आणि धर्मपिता यांच्यात त्यामुळे एक नाते जुळते. त्याला पोर्तुगीज भाषेत ‘कोंपाद्र’ म्हणतात, आणि वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. एका संस्काराने जोडलेले नाते अख्ख्या समाजाचे नाव होऊन बसले! मी पाहिले आहे, की असा कुपारी आवणाच्या दिवसांत न बोलावता लावणीला येतो. ते नाते चर्चच्या दारात संपत नाही, ते चिखलातही उतरते.

त्यांचे सण पाहावेत तर त्यांनाही शेताची संगत आहे. शेतकऱ्यांचे पालक संत म्हणून ते इसिदोर यांना मानतात. स्पेनमधल्या माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा हा मजूर ११३० साली वारला आणि १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याचा दिवस १५ मे, म्हणजे आपल्याकडे पेरणीपूर्व मशागतीच्या ऐन दिवसांतला. नाताळात गोठ्याचा देखावा करतात. त्यात हिरवे शेत दिसावे म्हणून कित्येक घरी मुले आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरतात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो ना, तसेच. या दोन्ही प्रथांत बियाणे तपासण्याची युक्ती दडलेली आहे हे मी माझ्या सभांतून नेहमी सांगतो. शंभर दाणे मोजून टाका. सत्तरच उगवले तर बी शेतात तसेच नेऊ नका.

पण या सगळ्यांत आपल्या मनाला भिडणारा सण म्हणजे आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई, साष्टी, उत्तन, गोराई या भागांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि त्यांच्या शेजारचे समाज तो करतात. शेताला लॅटिन भाषेत ‘आगेर’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आणायची, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद द्यायचा, आणि मग ती घरोघर न्यायची. गोव्यात हाच सण ‘कणसाचें फेस्त’ म्हणून होतो. सासष्टीतल्या राय गावी तो ५ ऑगस्टला असतो, ताळगावला २१ ऑगस्टला. तुम्ही कोकणातले असाल तर नवान्न पौर्णिमेला दारावर बांधतो ते ‘नवे’ तुम्हाला आठवेल. लोंब्या, आंब्याची पाने, झेंडूचे फूल. पीक घरात येण्याआधी पहिले कणीस देवाला. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही, मग त्याचा धर्म कोणताही असो.

आता माझी गोष्ट. आमच्या भागातल्या एका गावात या सणाची पेंढी दर वर्षी एकाच शेतातून येई. गावच्या क्रुसाजवळचे ते खाचर. म्हातारा शेतकरी आदल्या दिवशी स्वतः कापून आणायचा. पुढे तो गेला, मुलांनी जमीन विकली, तिथे भराव पडला. त्या वर्षी सण आला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले, की पेंढी आणायची कुठून? गावात भाताचे खाचर उरलेच नव्हते. जी थोडी जमीन होती तिच्यात फुले आणि भाजी. मग कुणीतरी पलीकडच्या तालुक्यातून टेम्पोत पेंढी विकत आणली. सण झाला, बँड वाजला.

मी आवारात उभा होतो. एक सत्तरी ओलांडलेल्या मावशी, लाल लुगडे नेसलेल्या, माझ्याजवळ आल्या. त्या बोलल्या सामवेदी बोलीत, मी आपल्या भाषेत सांगतो. म्हणाल्या, “साहेब, हे भात कुणाच्या शेतातलं?”

मी म्हणालो, “मावशी, विकत आणलंय.”

“मग त्याचे आभार आम्ही कशाला मानतोय? ज्यानं पिकवलं त्यानं मानावेत, नाहीतर ज्यानं विकलं त्यानं.”

एवढे बोलून त्या निघून गेल्या. माझ्या शेजारी फादर उभे होते, त्यांनीही ते ऐकले. त्यांनी मला आठ दिवसांनी बोलावून घेतले. चर्चच्या मागे दहा गुंठे जमीन पडीक होती, गवताने भरलेली. फादर म्हणाले, “साहेब, यात भात होईल का?” मी माती हातात घेऊन पाहिली. म्हणालो, “बांध घातले, तण काढले, तर का नाही होणार?”

पुढच्या मे महिन्यात कामाला सुरुवात झाली. प्रत्येक वाडीने एक-एक दिवस वाटून घेतला. मुलांनी दगड वेचले, बाप्यांनी बांध घातले. जूनमध्ये राब तयार करून बी टाकले, जुलैत लावणी झाली. ज्या सुनांनी कधी चिखलात पाय घातला नव्हता त्या सासवांकडून रोपे धरायला शिकल्या. त्या मावशी बांधावर बसून कुणाचा चूड किती खोल गेला हे सांगत होत्या. आणि बी दिले होते मी. माझ्या मनात होते, की चर्चचे शेत आहे, सगळे पाहणार, तेव्हा उत्पादन भरघोस यावे. म्हणून मी चांगली फुटणारी, उंच कणसाची गरवी जात दिली.

चूक लक्षात आली का? जे भातकरी आहेत ते आत्ताच हसले असतील. गरवी जात म्हणजे १३५ दिवसांच्या वर. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली तर ऑक्टोबरच्या अखेरीस तयार व्हायची. आणि सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी! मी उत्पादन मोजले, पंचांग मोजले नाही. सप्टेंबर संपत आला तरी कणसे निसवतच होती. मी रोज सकाळी जाऊन पाहायचो. पाहून कुठे भात पिकते?

सणाच्या सकाळी मी तोंड लपवून मागे उभा राहिलो. काही जण कुजबुजत होते, की पुन्हा विकतची पेंढी आणली असती तर बरे. फादर कणसाजवळ आले आणि थांबले. तेवढ्यात त्या मावशी पुढे झाल्या. त्यांनी एक दाणा नखाने दाबला. पांढरे दूध बाहेर आले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लेकरू अजून अंगावर पितंय. मग काय झालं, फादर? बाप्तिस्मा आपण अंगावर पिणाऱ्या लेकराचाच करतो ना?”

सगळे आवार हसले. फादरही हसले, आणि त्यांनी त्या हिरव्या कणसांवर पाणी शिंपडले. मी कितीतरी सभा-समारंभ पाहिले, पण त्या दिवशीइतका आनंद कुठे पाहिला नाही. भात महिनाभराने कापले, तीन क्विंटलांच्या आसपास आले. त्यातली खीर सगळ्या गावाने खाल्ली, आणि प्रत्येक घरी ओंजळभर भात नेले.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, यात आमच्या कामाचे काय? सांगतो. सण, जत्रा, नवान्न असे काही ठरलेल्या दिवशी लागणार असेल, तर पेरणी उलट दिशेने मोजा. सणाच्या दिवसापासून जातीचे दिवस मागे मोजा, आणि वर आठवडाभर सवलत ठेवा. हळव्या जाती साधारण १२० दिवसांच्या आत येतात. रत्ना, कर्जत-७, कर्जत-१८४ या त्यांतल्याच. निमगरव्या त्यापुढे, १३५ दिवसांपर्यंत. गरव्या त्याहून अधिक. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पिवळे कणीस हवे असेल तर हळवी जात जूनच्या पहिल्या आठवड्यात राबात पडायला हवी. पुढच्या वर्षी आम्ही तेच केले. पण हळव्याला एक धोकाही असतो हे विसरू नका. ते परतीच्या पावसात सापडते. कणसातले बहुतेक दाणे पिवळे झाले की उघडीप पाहून कापणी उरका, सणासाठी उभे ठेवायचे तर चार ओळी ठेवा.

दुसरी गोष्ट बियाणाची. देवाला नेताना आपण सर्वांत चांगले कणीस निवडतो. मग बियाणाला उरलेसुरले का ठेवायचे? कापणीआधी शेतात फिरा. बांधाकडेची सोडून मधली, सारख्या उंचीची, रोग नसलेली झाडे निवडा, भेसळ उपटून टाका, त्यांचे भात वेगळे झोडा आणि वेगळे वाळवा. पेरणीच्या वेळी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी बुडवा. तरंगणारे पोल दाणे काढून टाका, तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवा. याला खर्च मिठाच्या पुडीएवढा, आणि रोपे एकसारखी येतात.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळे लिहिले. मागच्या वर्षी मी त्या गावी पुन्हा गेलो होतो. मावशी आता नाहीत. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. चर्चच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आहेत. ते दहा गुंठे मात्र अजून पेरतात. पण भोवतालचा भराव उंच झाल्यामुळे पावसाचे पाणी त्यात तुंबते. २०१८ च्या जुलैत सगळे वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा त्यांची रोपे कुजली. त्यांनी शेजारच्या वाडीतून रोपे मागून पुन्हा लावणी केली. आता दर मे महिन्यात, राब करण्याआधी, सगळे गाव मिळून जुना नाला उपसते. नाला उपसणे हेही आता त्यांच्या सणाचेच काम झाले आहे. हे शेत आणखी किती वर्षे टिकेल, हे मी सांगू शकत नाही. जमिनीला भाव आहे, आणि नाल्याच्या तोंडावर भराव टाकणाऱ्याला कणसाशी काही देणेघेणे नसते.

या भागात पाणी आणि हिरवळ वाचवण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठे आंदोलन झाले. त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. हेच फादर २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ मध्ये ते आपल्याला सोडून गेले. एक धर्मगुरू विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर का उतरतो, असे तेव्हा काहींना वाटले असेल. मला ते कोडे कधी पडले नाही. ज्याच्या धर्मात पहिला संस्कारच पाण्याचा आहे, त्याने विहीर खारट होताना गप्प कसे बसावे?

आपल्या गावातही असेच चालले आहे ना? पोळ्याला बैल भाड्याने आणतात. नागपंचमीला वारूळ सापडत नाही. नवान्नाच्या लोंब्या बाजारात दहा रुपयांना मिळतात. विकत घेणाऱ्याला मी नावे ठेवत नाही, पोटासाठी शहरात गेलेला माणूस आणखी काय करणार? पण ज्यांच्याकडे अजून जमीन आहे त्यांनी एवढे करावे. गावाच्या देवळाची, मशिदीची, चर्चची, विहाराची, शाळेची, जिची असेल तिची पाच-दहा गुंठे पडीक जागा शोधा. त्या जागेची कागदपत्रे नीट पाहा, सगळ्यांची संमती घ्या. सगळ्या गावाने मिळून ती पेरा. एका वाडीने नांगरावे, दुसरीने लावावे, तिसरीने कापावे. उत्पन्न किती आले हे महत्त्वाचे नाही. सणाच्या दिवशी कुणी म्हातारीने विचारले, “हे कुणाच्या शेतातलं?” तर उत्तर देता आले पाहिजे, “आपल्या.”

आणि बी निवडताना माझ्यासारखी चूक करू नका. आधी पंचांग पाहा, मग पोते उघडा.

पुढच्या खेपेला भात झोडणी आणि साठवणीतल्या किडींविषयी बोलू. तोवर कणग्या आणि पोती उन्हात टाकून ठेवा.

आपला,
गावोगाव फिरणारा कृषी अधिकारी